पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांसाठी सायकल निवडताना: रोड, ग्रॅव्हल की हायब्रीड?

सिंहगड, पानशेत, सासवड किंवा मुळशीच्या बाजूला सुट्टीच्या सकाळी फिरण्यासाठी नवी सायकल घेऊ पाहणाऱ्यासमोर पुण्यात साधारणपणे तीन पर्याय असतात: ड्रॉप, म्हणजे खाली वळलेल्या हँडलबारची रोड सायकल, तशाच हँडलबारची पण अधिक रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल, आणि सरळ हँडलबारची हायब्रीड. तिन्हींच्या माहितीपत्रकांत फ्रेम कशाची आहे, गिअरसंच कोणत्या श्रेणीचा आहे आणि एकूण वजन किती आहे हे ठळकपणे छापलेले असते, आणि दुकानातली चर्चाही बहुधा त्याभोवतीच फिरते. आपल्याकडच्या रस्त्यांवर मात्र निवडीचा निकाल दोन वेगळ्याच गोष्टी लावतात, असे माझे ठाम मत आहे. सायकलीत किती रुंद टायर बसतो ही पहिली, आणि तिचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ही दुसरी.

रस्त्यांचे स्वरूप आधी लक्षात घेतले पाहिजे. एनडीएच्या बाजूने कुडजे, मांडवी, सांगरुणकडे जाणारा रस्ता सतत थोडा चढतो आणि थोडा उतरतो. डांबर असले तरी पावसाळ्यानंतर जागोजागी खडी उघडी पडते. बोपदेव घाट चढून भिवरी, चांबळीमार्गे सासवडला गेल्यास अंजीर आणि सीताफळाचा कोरडा मुलूख लागतो, आणि तिथे बांधावरच्या बाभळींचे काटे रस्त्याच्या कडेपर्यंत आलेले असतात. सिंहगडाच्या घाटाची लांबी सुमारे नऊ किलोमीटर आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि गडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर आहे, यावरून चढाची कल्पना यावी. गावोगावच्या गतिरोधकांची गणती तर कोणत्याच माहितीपत्रकात नसते, पण हातांना आणि पाठीला ती बरोबर कळते.

टायरपासून सुरुवात करू. अरुंद आणि कडक टायर वेगवान असतो ही समजूत अजून पुष्कळांच्या मनात घट्ट आहे. समान दाबाला रुंद टायर कमी दबतो, म्हणून त्याचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे घरंगळताना होणारा विरोध, उलट थोडा कमी असतो. आणि रस्ता खडबडीत असेल तर कमी दाबाचा रुंद टायर खाचखळगे स्वतःत जिरवून घेतो, त्यामुळे सायकल आणि माणूस वर उसळण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी २५ मिलिमीटरच्या टायरला साधारण ९० ते १०० पीएसआय हवा लागते, २८ ला ७५ ते ८०, ३२ ला ५५ ते ६५, आणि ४० मिलिमीटरच्या ग्रॅव्हल टायरला ३५ ते ४५. रोड सायकलीवर २५ आणि ३२ हे दोन्ही टायर कुडजे रस्त्यावर एकामागून एक चालवून पाहिले तर फरक शोधावा लागत नाही. ३२ वर उतारात ब्रेककडे जाणारा हात कमी वेळा उचलला जातो आणि परतीच्या वाटेवर मनगटे दुखत नाहीत. म्हणून रोड सायकल पाहताना तिच्यात सध्या कोणता टायर आहे यापेक्षा जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल, हा प्रश्न आधी विचारावा. जुन्या धाटणीच्या रिम ब्रेकच्या (चाकाची धातूची कडा दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकली बहुधा २५ किंवा २८ वर थांबतात. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या डिस्क ब्रेकच्या (चाकाच्या मध्यावरची तबकडी दाबणाऱ्या ब्रेकच्या) अनेक रोड सायकलींत ३२ सहज बसतो. ज्या सायकलीत २८ देखील बसत नाही, ती कितीही हलकी आणि देखणी असली तरी या रस्त्यांसाठी मी सुचवणार नाही.

ग्रॅव्हल सायकल इथे साहजिकच पुढे आहे, पण तिचा फायदा मुरमाच्या, खडीच्या आणि कालव्याकडेच्या वाटांवर खऱ्या अर्थाने मिळतो. तिचे गुठळ्यांचे टायर डांबरावर घरघरतात आणि वेग खातात. निम्म्याहून अधिक अंतर डांबरी असेल तर मध्यभागी गुळगुळीत असलेले ३५ ते ३८ चे टायर घालून घेणे शहाणपणाचे ठरते. हायब्रीडवर मुळातच ३५ च्या आसपासचे टायर असतात आणि त्या बाबतीत तिला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

काट्यांचा प्रश्न तिन्ही सायकलींना सारखाच आहे. साधी ब्यूटिल रबराची ट्यूब १०० ते १३० ग्रॅमची, स्वस्त आणि कुठेही ठिगळ लावता येण्याजोगी असते. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची ट्यूब त्याच्या निम्म्याहूनही हलकी असते, पण रिम ब्रेकच्या लांब उतारावर तापणाऱ्या रिमशी तिचे जमेलच असे नाही. ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, बाभळीच्या काट्याचे बारीक छिद्र चालता चालता बुजवते, आणि सासवडच्या बाजूला वारंवार जाणाऱ्यासाठी माझ्या मते हाच उत्तम पर्याय आहे. फक्त आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट लवकर सुकते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासून पुन्हा भरावे लागते. ज्यांना एवढी निगा राखायची नाही, त्यांनी आत संरक्षक पट्टा असलेले टायर घ्यावेत आणि थोडे जास्त वजन स्वीकारावे. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोड आणि ग्रॅव्हल सायकलींना प्रेस्टा हा बारीक व्हॉल्व्ह असतो, तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो. पितळेचा छोटा ॲडॅप्टर खिशात असला की त्या पंक्चरवाल्याची मदत घेता येते. बऱ्याच हायब्रीडना मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, आणि गावोगाव फिरणाऱ्याला ही सोय लहान वाटू नये.

गिअरच्या बाबतीत आकडेमोड करून पाहणे सर्वांत उपयोगाचे आहे. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे २८ दात्यांची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच; आकडा त्यातल्या सर्वांत मोठ्या चक्राचा) असलेली रोड सायकल मिनिटाला ६० फेऱ्यांनी पॅडल मारल्यास ताशी सुमारे ९.३ किलोमीटर वेगाने चालते. मागे ३४ दाते असतील तर हाच वेग ७.७ वर येतो. पुढे ४० आणि मागे ४२ दाते असलेली ग्रॅव्हल सायकल साधारण ७.५ वर, आणि पुढे २८ व मागे ३२ दाते असलेली तीन चेनरिंगची हायब्रीड सातच्या किंचित खाली चालते. सत्तर किलोचा माणूस, सायकल आणि सामान मिळून ८२ किलो धरले, आणि घाटातील एखाद्या तुकड्याचा चढ १२ टक्के मानला, तर ९.३ च्या वेगाला सुमारे २६० वॅट शक्ती लागते, ७.७ ला सुमारे २१५. पहिली शक्ती सर्वसाधारण हौशी सायकलस्वार फार वेळ देऊ शकत नाही. तो पॅडलच्या फेऱ्या कमी करतो, गुडघ्यांवर जोर देतो आणि शेवटी उतरून चालू लागतो. सिंहगडावर दमून थांबलेल्या नव्या सायकलस्वारांपैकी अनेकांची अडचण पायांतल्या ताकदीइतकीच मागच्या कॅसेटचीही असते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण लोक स्वतःला दोष देऊन सायकल सोडून देतात.

वजनाचा हिशेबही याच आकड्यांवरून मांडता येतो. सायकल एक किलोने हलकी झाली तर ८२ किलोंत जेमतेम सव्वा टक्का फरक पडतो, म्हणजे तासाभराच्या चढात पाऊण मिनिटाचा. कार्बन फ्रेमसाठी मोजावे लागणारे जादा पैसे या पाऊण मिनिटासाठी खर्च करायचे की चांगले टायर, योग्य कॅसेट आणि हेल्मेटसाठी, हे प्रत्येकाने ठरवावे. स्पर्धेत उतरणार नसलेल्यांना मी ॲल्युमिनियमच सुचवीन. गिअरसंचाच्या श्रेणीविषयीही तेच म्हणता येईल. शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि १०५ या चढत्या श्रेणींत गिअर बदलण्याचा नेमकेपणा वाढत जातो, हे खरे. पण ३४ दात्यांची कॅसेट असलेली क्लॅरिस घाटात २८ दात्यांच्या १०५ पेक्षा पायांना अधिक सुखाची असते.

ब्रेकचा विचार पावसाळा धरून करावा. कोरड्या दिवसांत चांगले रिम ब्रेक पुरेसे असतात. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र ओली रिम आधी पुसली जाते आणि मगच ब्रेक लागतो. शिवाय चिखलातील बारीक वाळू रिमलाच घासत राहते. डिस्क ब्रेकमध्ये हा त्रास बराच कमी आहे. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक एका ॲलन कीने वाटेत जुळवता येतो. हायड्रॉलिकला बोटांचा जोर खूप कमी लागतो, पण त्याच्या नळीत हवा शिरली तर शहरातल्या कारागिराकडेच जावे लागते. सिंहगडावरून गर्दीच्या रविवारी उतरणाऱ्याने आणि हाताची पकड लहान असलेल्यांनी हायड्रॉलिक घ्यावेत. पानशेतच्या पुढे एकट्याने जाणाऱ्याला केबलचा साधेपणा पटू शकेल.

माझी निवड विचाराल तर मुख्यतः डांबरी रस्त्याने ६० ते १०० किलोमीटर फिरणाऱ्यासाठी, आणि पुढे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत करण्याची इच्छा असलेल्यासाठी, ३२ चे टायर बसणारी आणि ३४ दात्यांची कॅसेट असलेली डिस्क ब्रेकची रोड सायकल सर्वांत योग्य आहे. आठवडाभर कार्यालयात जायलाही तीच सायकल वापरणाऱ्याने, किंवा मान-पाठ दुखत असलेल्याने, हायब्रीड निःसंकोच घ्यावी. सरळ हँडलबारवर हात ठेवण्याची जागा एकच असल्याने लांब पल्ल्याला ती थोडी कंटाळवाणी होते, एवढेच. ग्रॅव्हल सायकल त्यांनी घ्यावी, जे खरोखर डांबर सोडून जाणार आहेत.

पैसे देण्यापूर्वी दुकानासमोरच्या फेरीवर समाधान मानू नये. मित्राची किंवा भाड्याची त्याच जातीची सायकल अर्ध्या दिवसासाठी मिळवावी आणि दोन्ही पर्याय एकाच वाटेवर चालवून पाहावेत. खडकवासल्याहून डोणजे आणि तिथून घाटातले पहिले दोन-तीन किलोमीटर यासाठी पुरेसे आहेत. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर दोन्हींवर सारखे ठेवावे आणि हवेचा दाब मोजून भरावा, नाहीतर तुलना सायकलींची न होता सीटच्या उंचीची होते. मन ठरल्यावर, बिल करण्याआधीच दुकानदाराला कॅसेट आणि टायर बदलून देण्याविषयी विचारावे. नवे, न वापरलेले भाग परत घेऊन फक्त फरकाची रक्कम घ्यायला काही दुकानदार तयार असतात. शिमानोच्या ८, ९ आणि १० गिअरच्या रोड कॅसेट एकाच मापाच्या मागच्या हबवर बसतात, पण मोठी कॅसेट पेलण्यासाठी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा असावा लागतो आणि चेनही बहुधा लांब घ्यावी लागते, म्हणून हे काम घरी आल्यावर करण्यापेक्षा दुकानातच करून घ्यावे.