हरिकेनच्या नाकात ६२ सीसी : चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझ्या रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानातलं जुनं इंजिन काढून झेनोआचं जी-६२ हे ६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं, तेव्हाच ठरवलं होतं की एक उन्हाळा काढल्याशिवाय यावर अक्षर लिहायचं नाही. आता उन्हाळा झाला, पावसाळा झाला, दुसऱ्या वर्षाचा कापूसही घरात आला. ऐंशीच्या वर उड्डाणं झाली आहेत. विमान तेच : दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ हॉकर हरिकेन, एक-पंचमांश मापाचं, पंख २.४४ मीटर, वजन पेट्रोल न भरता साडेअकरा किलो.

हरिकेनच का, हे सगळे विचारतात. सांगायचं कारण असं की १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंगांनी आपल्या हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनचं नेतृत्व याच विमानावर केलं. खरं कारण चाकं. हरिकेनची चाकं आत मिटतात, त्यामुळे उतरताना ती एकमेकांपासून चांगली लांब असतात. त्याच काळातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाची बाहेर मिटतात आणि उभी असताना जवळजवळ असतात. आम्ही गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर उडवतो. मुरमाड जमीन, मध्येच बैलगाडीची चाकोरी, बाजूला तुरीची शेतं. तिथे स्पिटफायर म्हणजे दर रविवारी एक पंख जमिनीला घासणार.

पहिलं इंजिन ५५ सीसीचं होतं, हलकं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं. नाव घेत नाही, कारण दोष इंजिनाचा कमी आणि माझ्या निवडीचा जास्त. मोठं इंजिन घेताना आपण एकच विचारतो : किती किलो ओढतं? हवेत उभं टांगणाऱ्या कसरतीच्या विमानाला तो प्रश्न बरोबर आहे. तिथे इंजिन हलकं आणि ओढ जास्त हवी. लढाऊ विमानाच्या मॉडेलचं गणित उलटं. हरिकेनचं नाक आखूड, शेपटीकडचा भाग लांब. हलकं इंजिन लावून मी समतोल साधायला नाकात ९०० ग्रॅम शिसं ओतलं होतं. म्हणजे हलक्या इंजिनाला जास्त पैसे मोजले आणि वाचवलेलं वजन शिसं म्हणून परत भरलं! जी-६२ मफलरसकट दोन किलोच्या आसपास भरतं. त्याचं मॅग्नेटोचं (फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाचं) जड फ्लायव्हील पुढेच असतं आणि इग्निशनची वेगळी बॅटरी लागत नाही. त्यासोबत नायलॉनचा स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मधोमध बसणारी निमुळती टोपी, काढून ॲल्युमिनियमचा जाड लावला. शिसं ४०० वर आलं.

आता प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा. त्याचे आकडे इंचात : आधी व्यास, मग पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर किती पुढे सरकतो ते. इथे मी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालवला.

घरी कापूस तोलायचा टांगता काटा आहे. तो एका बाजूने बाभळीच्या बुंध्याला आणि दुसऱ्या बाजूने विमानाच्या शेपटीला बांधला आणि एकेक प्रॉप लावून फुल थ्रॉटल दिलं. बावीस बाय आठने मिनिटाला ७२५० फेऱ्यांवर साडेतेरा किलो ओढलं. चोवीस बाय आठने ६४०० वर चौदा. बावीस बाय दहाने ६८०० वर जेमतेम साडेबारा. काट्यावर विश्वास ठेवला असता तर चोवीस बाय आठ घेऊन मोकळा झालो असतो. हवेत मात्र ते विमान बैलाला नांगर लावल्यासारखं चालायचं. जागचं उचलायचं छान, पण पुढे वेगच नाही.

हिशेब करून पाहिल्यावर उलगडलं. पिचचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६५६, की प्रॉपचा कागदावरचा वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. चोवीस बाय आठचा ७८, बावीस बाय आठचा ८८, बावीस बाय दहाचा १०४. साडेअकरा किलोचं हरिकेन नव्वदच्या खाली उडवलं की त्याला लढाऊ विमानाचा डौल राहत नाही, वळणात जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. तेव्हापासून बावीस बाय दहा, लाकडी, बीचचा. काटा परत कापसाच्या कामाला.

व्यासाशी खेळताना एक ध्यानात असू द्या. तेवढेच फेरे ठेवायचे तर इंजिनावरचा भार पिचच्या प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बावीसचा तेवीस केला की भार जवळपास वीस टक्के चढला. शिवाय चोवीस इंची प्रॉप बावीसपेक्षा अडीच सेंटीमीटर खाली येतो, आणि आमच्या जमिनीवर अडीच सेंटीमीटर म्हणजे पुष्कळ. दोन टोकं मी तशीच छाटून घेतली आहेत.

तीन पात्यांचाही घेतला, वीस बाय दहा. फेरे बावीस बाय दहाइतकेच मिळतात, जमिनीपासूनचं अंतर वाढतं आणि दिसतो तर असा की बघत राहावं. पण किंमत दोन पात्यांच्या चार प्रॉपइतकी, आणि एका पात्याला खडा लागला की तिन्ही बाद. तो आता २६ जानेवारीला शाळेत विमान मांडायचं असलं की लावतो. दोन पाती खऱ्याला धरून नाहीत असं कुणी म्हटलं तर सांगा, १९३७ मध्ये आलेल्या पहिल्या हरिकेनला वॉट्स कंपनीचा दोन पात्यांचा लाकडी प्रॉपच होता.

लाकडी प्रॉपचं आमच्या हवेत एक दुखणं आहे. मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि बोल्ट ढिले होतात, पावसाळ्यात फुगून घट्ट बसतात. उन्हाळ्यात दर उड्डाणाआधी पाना लावतो. पहिल्या महिन्यात हा आळस केला होता. हबवर काळे चट्टे पडलेले दिसले तेव्हा पोटात गोळा आला.

इंजिन थंड ठेवणं हा खरा उन्हाळ्याचा प्रश्न. खऱ्या हरिकेनचं नाक स्पिनरने बंद, रेडिएटर पोटाखाली. त्या अरुंद नाकात एक सिलिंडर उलटा टांगला की त्याला वारा कुठून मिळणार? मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊलाच ४० अंश असताना, चौथ्या फेरीत इंजिन मंदावलं आणि मी विमान तुरीच्या धसकटात उतरवलं. चाकाचा दरवाजा गेला, बाकी वाचलं. चूक ही की हवा आत यायला मोठं भोक पाडलं होतं आणि बाहेर जायला काहीच नव्हतं. मग पातळ प्लायची आडभिंत बसवून हवा थेट सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पट्ट्यांतूनच जाईल असं केलं आणि मागे, आतल्या वाटेच्या अडीच पट मोठी वाट कापली. त्यानंतर मे-जूनमध्ये पुन्हा असं झालं नाही.

पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. तेवढ्या हवेला इथेनॉल जास्त लागतं, म्हणून जुन्या सेटिंगवर इंजिनाला इंधन कमी पडतं आणि ते तापतं. कार्बोरेटरची इंधनाची सुई थोडी उघडावी लागली. दिवस संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवतो, नाहीतर आतला पडदा कडक होतो. एकदा झालाच. तालुक्याला फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माणूस आहे. त्याने वालब्रोचं कार्बोरेटर हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "हे तं आपल्या पंपाच्याच जातीचं होय ना बाप्पा, एवढं काय घाबरता?" अर्ध्या तासात पडदा बदलून दिला. ते जमलं, कारण हे इंजिन मुळात यंत्रसामानाच्या घराण्यातलं.

तक्रारी दोन. मॅग्नेटोला हळू फिरवून ठिणगी मिळत नाही. प्रॉप झटक्यात, जोरात फिरवावा लागतो, आणि थंडीत सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झालंय असं कधी झालेलं नाही. जाड हातमोजा घालूनच जवळ जातो. दुसरी तक्रार गंभीर : मॅग्नेटो बंद करायला त्याची वायर इंजिनाच्या धातूच्या अंगाला (अर्थला) जोडावी लागते. ती तुटली तर स्विच बंद करूनही इंजिन चालूच राहतं. माझी एकदा कंपनाने तुटली. थ्रॉटल पूर्ण बंद होईल असं सेटिंग आधीच केलेलं होतं म्हणून विमान शांतपणे थांबलं. आता चोकलाही वेगळा सर्व्हो, म्हणजे रेडिओवर हलणारी छोटी मोटर, लावलाय.

जुनं ५५ सीसी विकलेलं नाही. वर्ध्याच्या एका मित्राच्या कसरतीच्या विमानात ते बसलंय आणि तिथे ते झकास चालतं.