स्टार चार्ट लावायचा की नुसतं बोलायचं? बालवाडीच्या टीचर लोकांसाठी

सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशकात कुठल्याही प्लेग्रुपमध्ये डोकावलं तर भिंतीवर स्टार चार्ट असतोच, डबा संपवला स्टार, रांगेत उभा राहिला स्टार, आणि खरंच सुरुवातीला तो मस्त चालतो, खास करून हात धुणं, चपला जागेवर ठेवणं असल्या कंटाळवाण्या कामांना. तिथे माझी हरकत नाही.

पण चित्र, गोष्टी, ठोकळे यांना स्टार लावू नका प्लीज! लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे, चित्र काढायला मुळातच आवडणारी ३ ते ५ वर्षांची मुलं घेतली, काहींना बक्षीस मिळणार असं आधीच सांगितलं, तर तीच मुलं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही, म्हणजे घोळ आधी दाखवलेल्या आमिषाचा.

दुसरा पर्याय, जे दिसलं ते बोलून दाखवायचं. 'गुड बॉय' नाही, तर 'तू तिला खडू दिलास, ती रडायची थांबली बघ'. यात मुलाला कळतं आपण नेमकं काय केलं. वर्गात पोरं जास्त आणि ताई एकटी असेल तर जीव जातो हे मान्य, तरी मी याच बाजूची, कारण चार्टवर ज्याची ओळ रोज रिकामी त्या पोराला सगळ्यांसमोर काय वाटत असेल? चार्ट लावायचाच तर अख्ख्या वर्गाचा एकच लावा, नावं नकोत, आणि सवय लागली की काढून टाका.