पायथॉनचा एकेरी स्टार: आठ महिने वापरल्यानंतर

गावच्या दूध संकलन केंद्राच्या पावत्या मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून छापतो. सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाईलची) एकेक ओळ घ्यायची आणि पावती(*ओळ) म्हणायचं, बस्स. पावती हे माझं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला प्रोग्रामचा तुकडा; * हा एकेरी स्टार ओळीतले आकडे सुटे करून त्याला क्रमाने देतो. आठ महिने सुरळीत चाललं होतं. मग गेल्या महिन्यात एक आजोबा पावती घेऊन आले आणि म्हणाले, "बाळा, साडेआठ फॅट देणारी गाय कुठं बघितलीस तू?"

गाईच्या दुधाचं फॅट ३.५ च्या आसपास असतं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ च्या. पावतीवर नेमकं उलटं छापलं होतं. दूध तपासायच्या मशीनची सर्व्हिसिंग झाली, त्यानंतर फाईलमधले हे दोन रकाने आपसात बदलले होते. कुणी सांगितलं नाही. आणि पायथॉनही काही बोलला नाही, कारण फंक्शनला चार आकडे हवे होते आणि चारच मिळाले. दोन्हींच्या पॉइंटला पैसे वेगवेगळे असल्यामुळे सगळ्यांचे दरही चुकले. दहा दिवसांचं दूधबिल पुन्हा काढण्यात माझ्या दोन रात्री गेल्या, ज्यांना जास्त गेलं त्यांना समजावण्यात आठवडा.

राग स्टारवर आहे, पण त्याचं श्रेय आधी देतो. पूर्वी मी ओळ[०], ओळ[१] असं एकेक लिहायचो, ते सगळं गेलं. ३.५ आवृत्तीपासून (२०१५) एकाच कॉलमध्ये दोन-तीन याद्या उलगडता येतात, तेही फार कामाला आलं. ओळीच्या शेवटी चुकून जास्तीचा स्वल्पविराम पडला, की 'चार हवे होते, पाच दिले' म्हणून लगेच अडायचा. त्यामुळेच मला वाटत राहिलं, हा तपासतो. तो फक्त मोजतो. कुठला आकडा कुणाचा, हे तो विचारतच नाही. यादी सोडा, 'गाय' हा शब्द त्याच्यापुढे ठेवला तर तोही ग, काना आणि य असा तीन तुकड्यांत वाटून देतो.

म्हणून दोन स्टारवर (**) गेलो; ते आकडे क्रमाने नाही, नावाने देतात. फाईलची पहिली ओळ शीर्षकांची असतेच. डिक्टरीडरने वाचायचं (तो प्रत्येक आकडा त्याच्या शीर्षकासकट देतो), फंक्शनच्या पॅरामीटरना, म्हणजे आकडे घेण्याच्या जागांना, तीच नावं द्यायची आणि पावती(**ओळ) म्हणायचं.

पहिल्याच सकाळी बंद पडलं! 'क्रमांक' नावाचा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेला आकडा) अनपेक्षित आहे म्हणे. फंक्शनमध्ये क्रमांक, फाईलमध्येही क्रमांक. बाहेर कॅन घेऊन रांग लागलेली आणि मी दोन सारख्या शब्दांकडे बघत बसलेलो. त्या दिवशी पावत्या हाताने लिहिल्या आणि ठरवलं, एकेरी स्टारच बरा होता.

दुपारी उलगडा झाला. आदल्या दिवशी कुणीतरी फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली होती. त्यात सुरुवातीला बीओएम नावाचं न दिसणारं अक्षर बसलं आणि ते पहिल्या शीर्षकाला चिकटलं. फाईल युटीएफ-८ या नेहमीच्या अक्षर-सांकेतिकीऐवजी युटीएफ-८-सिग म्हणून उघडली (ती हे अक्षर गाळते), काम झालं. मग सकाळचं मत मागे घेतलं. दोन स्टारने माझा अर्धा दिवस खाल्ला, पण एकाही माणसाचा चुकीचा पैसा जाऊ दिला नाही.

एक जागा मात्र अजून सांभाळावी लागते. ओळीत रकाने कमी पडले तर डिक्टरीडर रिकाम्या जागी गुपचूप नन (None, म्हणजे 'काहीच नाही') भरतो, आणि दोन स्टार तेही बिनतक्रार पुढे देतात. त्यासाठी वेगळी तपासणी लिहिली. शिवाय फंक्शनच्या व्याख्येतच सुरुवातीला सुटा स्टार टाकला: पावती(*, क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ). आता नाव न सांगता कुणी आकडे दिले तर पायथॉन घेतच नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, त्याला पैसाही लागत नव्हता.

मशीनमधून फॅट आणि एसएनएफ अजून उलट्याच क्रमाने येतात. दुरुस्तीवाल्याला परत बोलावलं असतं तर फेरीचे पैसे पडले असते. बोलावलं नाही.