परदेशात खेड्यातलं घर आणि उन्हाळ्याचे पाहुणे: दोन सीझन वापरून झाल्यावर

वापर किती झाला ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. २०२३ आणि २०२४ असे दोन उन्हाळे, मे ते सप्टेंबर, पाहुण्यांच्या एकूण सात तुकड्या, त्यातली सगळ्यात मोठी आठ जणांची आणि सगळ्यात छोटी म्हणजे एकटा भाचा, जो चार दिवसांसाठी आला आणि एकवीस दिवस राहिला.

नवऱ्याला ऑफिसने दोन वर्षांसाठी फ्रान्समधल्या तुलूझला पाठवलं होतं. शहरात दोन खोल्यांना जेवढं भाडं पडत होतं तेवढ्यात पन्नासेक किलोमीटरवर जेर जिल्ह्यात, समातां नावाच्या गावाच्या आसपास, चार बेडरूमचं जुनं दगडी घर मिळत होतं, आणि आम्ही जन्मभर पार्ल्यात वन बीएचकेत काढलेली माणसं, त्यामुळे घर बघताच हुरळलो. समोर सूर्यफुलांची शेतं, मागे अक्रोडाचं झाड. सही केली त्याच संध्याकाळी नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "या सगळे, जागाच जागा आहे!" हा मेसेज आम्हाला किती महागात पडला ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट कागदाची. मुंबईहून कोणी फ्रान्समध्ये तुमच्या घरी राहायला येणार असेल तर व्हिसाच्या फाईलला यजमानाचं अधिकृत पत्र लागतं, आतेस्तासिओं दाकेय म्हणतात त्याला, आणि ते तुमच्या गावच्या मेरीतून, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या ऑफिसातून घ्यावं लागतं. अर्जाला आमच्या वेळी ३० युरोचा स्टॅम्प होता, नामंजूर झालं तरी पैसे गेले. ओरिजिनलच लागतं, म्हणजे परत मुंबईला कुरियर. नवरा-बायको आणि लहान मुलं एका पत्रात बसतात पण आत्या वेगळी, मामी वेगळी. आमची मेरी आठवड्यातून तीन अर्धे दिवस उघडी असायची आणि तिथली बाई फार प्रेमळ, पण "घर किती चौरस मीटर, माणसं किती, झोपणार कुठे" हे सगळं लिहून घ्यायची. मी मनात म्हटलं बाई, आमच्याकडे पार्ल्यात चाळीस चौरस मीटरमध्ये दरवर्षी मे महिन्यात अकरा माणसं झोपतात, तुम्ही ते बघितलंत तर फेफरं येईल. शिवाय प्रत्येकाचा ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि २०२४ च्या जूनपासून व्हिसाची फी ८० वरून ९० युरो झाली, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आत्या माझ्यावरच रागावली, जशी काही मी वाढवली.

सामानाचंही आधीच सांगून ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचं आणि मांसाचं काही आणता येत नाही, म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी सगळं बाद. फळं आणि कढीपत्ता पण सर्टिफिकेटशिवाय नाही, म्हणजे हापूसची पेटी घरीच. पण नारळ चालतो! फळांमध्ये सूट असलेली पाच नावं आहेत, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हे कळल्यावर सासूबाईंनी सहा नारळ सोलून आणले, आणि बाई म्हणून सांगते, त्या सहा नारळांनी आम्हाला तारलं.

आता मुख्य घर. पाहुणे आले की पहिल्या दिवशी सगळे सगळ्या खिडक्या उघडणार. मुंबईच्या माणसाला तेच माहीत असतं ना, उकडतंय तर खिडकी उघड, वारा येऊ दे. तिथे उलटं. भिंती दोन-दोन फूट दगडाच्या, पंखा नाही, एसी नाही, सगळा खेळ लाकडी झडपांचा. सकाळी नऊच्या आत खिडक्या आणि झडपा बंद, दिवसभर घर अंधारं ठेवायचं, रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडायचं. असं केलं तर बाहेर ३८ असताना आत व्यवस्थित झोप लागते. पण नणंदेला अंधारात बसवेना, "अगं हे काय सुतक असल्यासारखं" म्हणून ती गुपचूप झडप उघडायची, आणि एकदा दगड तापला की मग तो रात्रभर ओकत बसतो. खिडक्यांना जाळ्या नाहीत हे वेगळंच. मी शेवटी तुळशीबागेतल्यासारख्या चुंबकवाल्या जाळ्या ऑनलाईन मागवल्या, दुसऱ्या वर्षी सगळ्यात उपयोगी खरेदी तीच ठरली.

वीज. हा मुद्दा कोणी सांगत नाही. तिथे तुम्ही ठराविक पॉवरचं कनेक्शन घेता, आमचं ६ केव्हीएचं होतं, दोघांना भरपूर. आठ माणसांत ओव्हन, इंडक्शनवर कुकर आणि वॉशिंग मशीन एकदम लागलं की लिंकी नावाचा तो पोपटी मीटर कट मारतो. मग बाहेर जाऊन मीटरवरचं अधिकच्या चिन्हाचं (+) बटण दाबून धरायचं. पहिल्या वेळी पुरणपोळीच्या मधेच अंधार झाला आणि बाबा म्हणाले, "लोडशेडिंग इथेही आहे होय," आणि का कोण जाणे, त्यांना फार बरं वाटलं. कुकर आणत असाल तर लोहचुंबक चिकटतो तोच आणा, साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर नुसता शोभेला.

गीझर म्हणजे २०० लिटरची टाकी, रात्री स्वस्त विजेच्या तासांत तापते आणि दिवसभर पुरवायची. शॉवरखाली आठ जण गेले तर पाचव्याला गार. इथे मात्र सासूबाईंनी कमाल केली. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून काळी बादली आणली, बांधकामवाले माल कालवायला वापरतात ना तसली, जाड, लोखंडी कडीची, आणि दह्याच्या एक किलोच्या डब्याचा मग केला. एक बादली कढत, तेवढंच गार, माणूस मोकळा. पुढच्या सगळ्या तुकड्यांना तोच नियम. टॉयलेटमध्ये पण एक धाकटी बादली गेली कारण तिथे जेट नसतो आणि त्याविषयी आमच्या आत्याचं जे मत आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मग सेप्टिक टँक. खेड्यात ड्रेनेजची लाईन नाही, घराचं सगळं बागेतल्या टाकीत जातं. टाकीत बॅक्टेरिया असतात, मैला कुजवायचं काम तेच करतात, त्यामुळे ब्लीच आणि जहाल क्लीनर ओतले की ते मरतात, आणि वेट वाईप्स तर कुजतच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. टाकी निम्मी गाळाने भरली की उपसायची, साधारण चारेक वर्षांनी वेळ येते. आमच्याकडे पहिल्याच ऑगस्टमध्ये आली. मामेदीराचं बाळ दहा महिन्यांचं, त्याचे वाईप्स सगळे कमोडमध्ये, आणि मामी पाहुणी असून कामाची, रोज सकाळी दोन्ही टॉयलेट ब्लीचने घासून लख्ख. मी म्हणत होते मामी राहू दे हो, त्या म्हणायच्या अगं तेवढाच हातभार. नवव्या दिवशी खालच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. तारीख १५ ऑगस्ट, आपला स्वातंत्र्यदिन, आणि फ्रान्समध्येही त्या दिवशी मेरीमातेच्या सणाची सुट्टी, म्हणजे टँकरवाला मिळणं अशक्य. दोन दिवस आठ माणसं आणि एक बाळ, शेजारच्या शेतकरीण आजींच्या अंगणातल्या टॉयलेटला रांगेने. मला एकदम गिरगावातली आजीची चाळ आठवली, फक्त इथे रांगेतून सूर्यफुलं दिसत होती. टँकरवाल्याने वाईप्सचा हा एवढा दोर बाहेर काढला, आमच्यासमोर धरला, एक शब्द बोलला नाही. आणि भाड्याच्या घरात टाकी उपसायचा खर्च तिथे भाडेकरूचा असतो, मालकाचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मामी रडायला लागल्या, मग त्यांना समजावण्यात संध्याकाळ.

पण दमणूक म्हणाल तर ती टाकीमुळे नाही झाली. दमणूक ड्रायव्हिंगची. हे कळायला मला अख्खा पहिला सीझन लागला. पार्ल्याच्या घरी पाहुणे आले की सकाळचा चहा-पोहे झाले की माणसं आपापली सुटतात. कोणी दादरला साड्या बघायला, पोरं राणीच्या बागेत, काकांना स्टेशनपर्यंतचा रस्ता दाखवला की ते दुपारी वडापाव खाऊन भाजीची पिशवी घेऊनच उगवणार. कोथिंबीर संपली तर वाण्याला फोन. मी काय करते? चहा करते आणि रात्री गाद्या घालते. बाकी पाहुणचार ही मुंबईच करते, आपण फुकट श्रेय घेतो. तिथे चार बेडरूम आहेत पण पाहुणा माझ्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. बस दिवसातून दोन-तीनदा, ती पण तीन किलोमीटरवरून, दुकान सात किलोमीटर, तेही दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी पुष्कळशी बंद. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची म्हणून इंटरनॅशनल परमिट काढून आलेला दीर पण चावीला हात लावेना. म्हणजे दूध मी, स्टेशन मी, समातांचा सोमवारचा बाजार मी (तिथे जिवंत बदकं-कोंबड्या विकायला असतात, शाकाहारी आत्याला नेऊ नका, मी नेलं), औषध मी, आणि "जरा कुठेतरी चक्कर मारूया का" हे पण मीच. नवरा सकाळी साडेसातला तुलूझला पसार. दहा दिवसांत माणसं कंटाळतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि मला त्यांच्या बसण्याचा राग येतो, आणि राग आला म्हणून स्वतःचा राग येतो. आपल्याच माणसांचा.

दुसऱ्या सीझनला सगळं पालटलं ते बाबांमुळे, आणि अगदी योगायोगाने. पावाचं दुकान घरापासून दीड किलोमीटर होतं, मी नेहमी गाडीनेच जायचे. बाबांना पहाटे उठायची सवय, ते एक दिवस न सांगता चालत गेले. मी घाबरून शोधायला निघाले तर समोरून काखेत लांब पाव धरून येतायत, दोन्ही टोकं खाल्लेली. त्यांना फ्रेंचचा एकच शब्द येत होता, बोंझूर, पण तिथे तोच लागतो, दुकानात शिरताना बोंझूर म्हटलं नाही तर माणसं तुम्हाला उद्धट समजतात आणि म्हटलं की निम्मं काम झालं. पुढे सव्वा महिना रोज सकाळचा पाव बाबांचा. पावाच्या दुकानातली बाई त्यांना ओळखायला लागली, शेजारच्या आजी हाक मारून टोमॅटो द्यायला लागल्या, लोमान्य भागातला पांढरा लसूण पण त्यांनीच दिला, त्याची बाबांनी खोबऱ्यासकट चटणी कुटली आणि वाटी परत नेऊन दिली. हे पुराण रोज जेवताना आम्हाला ऐकवायचं. घरात आल्यावर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचं, पाहुण्याला तेच लागतं.

मग मी दोन जुन्या सायकली घेतल्या, भाच्याला एक दिली, तो त्यामुळेच एकवीस दिवस राहिला बहुतेक. सासूबाईंना बाग दिली. त्यांची अडचण वेगळीच होती, जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो पावणेदहाला, आणि दिवेलागण झाल्याशिवाय शुभंकरोति म्हणायचं कसं. दोन दिवस त्या वाट बघत बसल्या, जेवणं साडेदहाला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुंबईत आत्ता लागले असतील दिवे," आणि दुपारी साडेतीनच्या रणरणत्या उन्हात निरांजन लावून मोकळ्या झाल्या.

तेव्हा असं घर घेणार असाल, भाड्याने किंवा कसंही, तर बेडरूम मोजू नका. पायी वीस मिनिटांत काय आहे ते बघा. पाव, कॉफी, नदी, काहीही, जिथे सत्तरीचा माणूस एकटा जाऊन एकटा येईल. आणि एका वेळी चार माणसं, दहा दिवस, यापेक्षा जास्तीला नाही म्हणायला शिका, मला शेवटपर्यंत जमलं नाही. मे-जूनमध्ये मुंबईच्या शाळांना सुट्टी आणि तिथे अजून गर्दी नाही, तो काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर, गाड्यांची तिकिटं महाग आणि ऊन मरणाचं. तरी आमचे लोक जुलैतच यायचे, म्हणे मुंबईत पाऊस फार.

मार्क द्यायचे तर घराला पाचपैकी चार, पहिल्या वर्षीच्या मला दीड. आता परत पार्ल्यात आहोत, हे लिहितेय तेव्हा हॉलमध्ये चार गाद्या पडल्यात, नणंद आणि मुलं आलीयत, आज दिवसभर कुठे होती मला माहीत नाही, कीर्ती कॉलेजजवळ वडा खाल्ला एवढंच कळलं.

काळी बादली घरमालकिणीने ठेवून घेतली. आणि टॉयलेटच्या दारावर बाबांनी चिकटवलेली पाटी, "यात कागदाशिवाय काहीही टाकू नये, ब्लीच तर मुळीच नाही, हुकुमावरून", तिचा फोटो माझ्याकडे आहे. प्रिंट काढून लावायला कोणाला हवा असेल तर पाठवते, अक्षर मोठं आणि सुवाच्य आहे.