नांगर पुढे, वजन मागे: छोट्या ट्रॅक्टरला बर्फासाठी काय जोडावं?

आमच्या बारामतीच्या बाजूला ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं लटकलेली असतात. मागे पलटी नांगर उचलला की पुढची चाकं जमीन सोडायला बघतात, त्याचा तो बंदोबस्त. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या बाहेर घर घेतलं, चोवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर दारात आला आणि हे सगळं उलटं झालं. इथे अवजार पुढे, वजन मागे. इंग्रजीत त्याला स्नो प्लाऊ म्हणतात म्हणून आपण नांगर म्हणायचं, पण खरं तर ती आपली केणीच. मातीऐवजी बर्फ, आणि ओढण्याऐवजी ढकलणं.

दर ऑक्टोबरात ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं, "फळी कुठली घेऊ?" फळी म्हणजे बर्फ ढकलायचं हे पातं. मी उलट विचारतो, "मागे काय लावणार आहेस?" त्यावर बहुतेक वेळा पलीकडे शांतता.

आधी बर्फाचं वजन बघा. ६० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद ड्राइव्हवेवर २० सेंटिमीटर बर्फ पडला तर ४८ घनमीटर होतो. कोरडा, भुसभुशीत असेल तर घनमीटरला शंभरेक किलो धरा, म्हणजे जवळजवळ पाच टन. ओला, बसलेला असेल तर तिप्पट, चौदा टनांच्या वर. आणि हे हलवणार कोण? कुबोटा बीएक्स किंवा जॉन डिअर १०२५आर यांच्या मापाचं यंत्र, लोडर (पुढचे उचलणारे हात आणि बकेट) न धरता सातशे किलोंच्या आतबाहेर. महिंद्राचेही या मापाचे ट्रॅक्टर इथे विकले जातात. सिरॅक्यूजला ऑन्टॅरिओ सरोवराच्या कृपेने वर्षाला सरासरी तीन मीटरच्या वर बर्फ पडतो, त्यामुळे हा हिशेब हिवाळ्यात एकदाच मांडून भागत नाही.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. ढकलायला पकड लागते. उचलायला तोल लागतो. फळी जमिनीवर टेकलेली असते तेव्हा तिचं वजन जमीन घेते आणि प्रश्न फक्त मागची चाकं फिरून घसरतात का, एवढाच असतो. फळी वर उचलली की तिचा सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. कुठली फळी घ्यायची हे तुम्ही यातलं कुठलं काम जास्त करणार यावर ठरतं.

लोडरवर की चासीवर

लोडरवर बसणारी फळी बहुतेकांना आधी सुचते, कारण लोडर आधीच लावलेला असतो. बकेट काढा, फळी अडकवा, दहा मिनिटांचं काम. फळी डावी-उजवी वळवायला आणखी एक हायड्रोलिक लाइन ओढावी लागते, तिला इथे थर्ड फंक्शन म्हणतात. ती नसेल तर दर वेळी खाली उतरून खिट्टी काढायची आणि हाताने कोन बदलायचा. उणे पंधरा अंशांत हे दोनदा केलं की तिसऱ्यांदा पैसे खर्च करायची तयारी होते. लोडरचा मोठा फायदा म्हणजे बर्फ उंच रचता येतो. जानेवारीच्या शेवटी कडेला ढीग साचले की ही गोष्ट फार मोलाची ठरते.

तोटाही तितकाच मोठा. लोडरचे हात सरळ वर उचलण्यासाठी बनवलेले असतात, एका टोकाला बसलेला दणका सोसण्यासाठी नाही. वेगात जाताना फळीचा कोपरा गोठलेल्या दगडाला अडला की ते पिळवटतात. स्प्रिंगने मागे झुकणारी फळी असेल तर दणका थोडा कमी बसतो. तरीही लोडरवर फळी असेल तर पायी चालायच्या वेगानेच जा.

चासीखाली, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याखाली, फ्रेम बसवून तिला जोडलेली फळी दणका थेट ट्रॅक्टरच्या अंगावर घेते. ती एक्सलच्या जवळ असते, म्हणून नाक कमी दबतं. पण ती फारशी वर उचलत नाही, त्यामुळे ढीग रचता येत नाही. लोडर काढून ठेवावा लागतो आणि फ्रेमसकट खर्च काही हजार डॉलरांत जातो. ड्राइव्हवे लांब, डांबरी आणि दोन्ही कडांना भरपूर मोकळी जागा असेल तर माझ्या मते हीच सर्वांत चांगली. मी स्वतः ती घेतली नाही, कारण लोडर मला वर्षभर लागतो आणि काढ-घाल करायचा कंटाळा आहे.

थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन टोकांच्या उचलणाऱ्या जोडणीवर, बसणारी मागची फळी सर्वांत स्वस्त, हलकी असेल तर काही शे डॉलरांत येते. गावाकडच्या लेव्हलरची सख्खी बहीणच. पण आधी चाकं बर्फातून जातात, मग फळी. तुडवलेला बर्फ दाबून बसतो, आणि मान सतत मागे. तिने रिव्हर्समध्ये जोरात बर्फ ढकलू नका. थ्री पॉइंटचे खालचे हात वाकतात.

ब्लोअरबद्दल, म्हणजे बर्फ उडवून लांब फेकणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यातच सांगतो. फेब्रुवारीपर्यंत बर्फ टाकायला जागाच उरत नसेल तर ब्लोअर घ्या, नाहीतर नको. तो महाग असतो, पाणचट बर्फात चोंदतो, आणि मागे लावायचा असला तर सगळं काम उलटं जात करायचं.

मागचं वजन: टायरात की पेटीत

माझ्या पहिल्या हिवाळ्यात विक्रेत्याने सांगितलं, "टायरांत द्रव भरून दिलाय, मागे काही लावायची गरज नाही." मीही विश्वास ठेवला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता. एका सकाळी ढीग रचायला फळी उंच उचलली होती, तशीच ठेवून खाली निघालो, आणि फोर व्हील ड्राइव्ह लावायला विसरलो होतो. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात, पुढची चाकं फोर व्हील ड्राइव्ह लावलं तरच अडतात. ब्रेक दाबला, मागची चाकं थांबली आणि ट्रॅक्टर मात्र साबणाच्या वडीसारखा सरकत राहिला. समोर काउंटीचा रस्ता. हात आपोआप जॉयस्टिकवर गेला, फळी धाडकन खाली टाकली, ती घासत घासत पत्रपेटीच्या जरा अलीकडे थांबली. फळी जमिनीपासून वीतभरच वर धरून गेलो असतो आणि मागे वजनाची पेटी असती तर एवढं झालंच नसतं.

टायरात द्रव भरणं वाईट आहे असं नाही. भरपूर लोक तेवढ्यावर भागवतात, आणि फळी चासीवरची असेल तर ते बहुधा पुरतंही. वजन कायमचं, अडचण शून्य, आणि गुरुत्वमध्य खाली राहतो. गावाकडे टायरात साधं पाणी भरतात. इथे ते गोठतं. मग पर्याय तीन. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण जड असतं पण रिम खातं. गाडीची काच धुण्याचं निळं पाणी स्वस्त, घरी पंपाने भरता येतं, पण ते साध्या पाण्यापेक्षाही जरा हलकं. आणि बिटाचा रस, म्हणजे शुगर बीटच्या साखर कारखान्यातून निघणारी मळी. ती पाण्यापेक्षा साधारण तीस टक्के जड, गोठत नाही आणि रिमला गंज लावत नाही. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा थेट काकवी आठवली. पंक्चर झालं की मात्र गॅरेजभर चिकट राडा. छोट्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या टायरांत मिळून साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलो मावते.

पण टायरातलं वजन पुढच्या एक्सलवरचा भार एक किलोनेही कमी करत नाही. ते फक्त मागच्या चाकांना खाली दाबतं. थ्री पॉइंटवरची पेटी एक्सलच्या मागे लटकते, तराजूसारखी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर, पेटी २०० किलोंची आणि तिचा मध्य मागच्या एक्सलपासून ७५ सेंटिमीटर मागे धरा. पुढच्या एक्सलवरचे सुमारे १०७ किलो उतरतात आणि मागच्या चाकांवर ३०७ किलो चढतात. दोनशे किलो लावून तीनशेचं काम.

मग कोणीतरी विचारतं, पेटीऐवजी मागची फळीच लटकवली तर? कल्पना चांगली आहे, मी दोन हिवाळे तेच केलं. ११० किलोंची फळी पेटीपेक्षा लांब, समजा १.१ मीटर मागे असते. म्हणजे पुढचे ८६ किलो उतरतात आणि मागे १९६ किलो चढतात. अर्ध्याच वजनात पुढचा बराच भार कमी होतो, शिवाय गॅरेजच्या दाराशी साचलेला बर्फ मागे ओढता येतो, जे पुढच्या फळीला नीट जमत नाही. पण ती खाली टेकवली की तिचं वजन जमिनीवर गेलं, तराजूचं मागचं पारडं रिकामं. नेमकं तेव्हाच पुढे फळी उंच असेल तर पुन्हा तेच घसरणं. म्हणून लोडर असेल तर माझा कौल पेटीला. चासीवरची फळी घेतलीत तर टायर भरा आणि मागची फळी लावा.

पेटी घरीही बनते. काँक्रीट लिटरला सुमारे २.४ किलो भरतं. २०८ लिटरचा पूर्ण ड्रम म्हणजे ५०० किलो, या ट्रॅक्टरला जास्तच. अर्धा ड्रम पुरे, आणि तोही तुमच्या थ्री पॉइंटची उचलण्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघूनच. ओतताना काँक्रीटमध्ये एक उभा पाइप बसवा, फावडं खोचायला होतं.

वजन कितीही लावलं तरी काचेसारख्या बर्फावर इंडस्ट्रियल टायर घसरणारच. तिथे साखळ्या हव्यात. मात्र त्या लावल्यावर चाक आणि फेंडर यांच्यात बोटभर तरी जागा राहते का ते आधी मोजा. काही ट्रॅक्टरांना त्यासाठी चाकं बाहेर सरकवणारे स्पेसर लागतात.

ड्राइव्हवे खडीचा असेल तर जमीन पक्की गोठेपर्यंत फळीच्या धारेवर उभा चिरलेला पाइप चढवा, नाहीतर एप्रिलमध्ये अर्धी खडी लॉनवर सापडते. बर्फ टाकताना रस्त्याकडे तोंड करून उभं राहा आणि सगळा उजवीकडे न्या. डावी बाजू मोकळी ठेवा. काउंटीचा प्लाऊ डावीकडून येतो, आपला बोजा त्या मोकळ्या जागेत टाकतो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमी उरतो. रस्त्यावर ढकलायचा विचार नको, न्यूयॉर्कमध्ये ते बेकायदा आहे.

आणि पेटी काढून ठेवताना लाकडाच्या दोन ओंडक्यांवर ठेवा. ओल्या जमिनीवर ठेवली तर रात्रीत गोठून चिकटते, आणि सकाळी ती उपटायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आमच्याकडे शेजाऱ्याचा आला होता.