टँक व्हायचंय, पण शिकायचं कुठे?

एमएमओमध्ये, म्हणजे हजारो लोक एकत्र खेळतात अशा ऑनलाइन गेममध्ये, नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा डीपीएस (मारणाऱ्याची भूमिका) घेतो. चुकलं तरी चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. टँक, म्हणजे शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा, चुकला की अख्खी पार्टी आडवी होते, आणि कुणामुळे ते सगळ्यांना कळतं. म्हणून टँक किंवा हीलर (साथीदारांना बरं करणारा) व्हायचं मनात असेल, तर ग्राफिक्स बघण्याआधी एवढं बघा: गेम हे काम शिकवतो का, आणि शिकवतो ते एकांतात की चारचौघांत? मी 'फायनल फँटसी १४' आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', दोन्हीकडे टँक खेळतो, तेव्हा तुलना प्रामुख्याने या दोघांचीच.

'फायनल फँटसी'त लेव्हल १५ला 'हॉल ऑफ द नोव्हिस' उघडतो. २०१६ साली आलेली ही अक्षरशः शिकवणी आहे. टँकला वेगळे धडे, हीलरला वेगळे. टँकने लांबून वार करून शत्रूला स्वतःकडे ओढायचं, एकाच वेळी अनेकांचं लक्ष आपल्यावर ठेवायचं, मधेच नवे शत्रू आले की त्यांनाही अंगावर घ्यायचं. चुकलात तर पुन्हा करा, बघायला कुणी नाही. शेवटी कपडे-हत्यारं मिळतात, आणि एक अंगठी, जिच्यामुळे लेव्हल ३०पर्यंत ३० टक्के जादा एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो. लाच म्हणा हवं तर, पण लागू पडते.

मी शहाणपणा करून हे सगळं टाळलं आणि थेट 'सास्ताशा' डंजनमध्ये (पार्टीने मिळून लढायची जागा) शिरलो. पहिला घोळका मला सोडून हीलरवर धावला. मी जिवाच्या आकांताने तलवार चालवतोय, तरी एकही वळेना. हीलरने चॅटमध्ये एकच शब्द टाकला: 'स्टान्स?' ग्लॅडिएटरचं (माझा ढाल-तलवारवाला टँक) 'आयर्न विल' हे बटण चालूच केलं नव्हतं. ते चालू असलं की शत्रूचा राग तुमच्यावर कितीतरी पट चढतो. नसेल तर तुम्ही ढाल घेतलेले, कमी ताकदीचे डीपीएस.

या शिकवणीची एक खोट मात्र आहे. हॉलमध्ये बेतशीर, छोट्या लढाया असतात. प्रत्यक्षात लोक दोन-दोन घोळके एकदम ओढून भिंतीपर्यंत पळतात, आणि 'रँपार्ट'सारखी बचावाची बटणं एकामागून एक कशी वापरायची हे तिथे कुणी सांगत नाही. तो सराव 'ड्युटी सपोर्ट'मध्ये करावा. २०२२पासून कथेतली डंजन्स एनपीसी (गेमच चालवतो ती पात्रं) सोबत घेऊन खेळता येतात. ते संथ आहेत, पण वैतागत नाहीत.

'वॉरक्राफ्ट'ची तऱ्हा निराळी. आमच्याकडे पोरांना पाठीला डबा बांधून विहिरीत सोडत. इथे बरीच वर्षं डब्याशिवायच ढकलायचे. २०१३मध्ये 'प्रूव्हिंग ग्राउंड्स' नावाची परीक्षा आली, भूमिकेनुसार वेगळी. पुढच्याच वर्षी रँडम हिरोइक डंजनसाठी तिच्यात रौप्य पदक सक्तीचं झालं. लोकांनी बोटं मोडली आणि पुढे सक्ती गेली. माझ्या मते ती राहायला हवी होती. २०२०चं 'एक्झाइल्स रीच' लेव्हल १० पर्यंत छान सोबत करतं, पण ते क्लास (पात्राचा प्रकार) शिकवतं, भूमिका नाही. खरी सोय २०२४च्या सुरुवातीला झाली: 'फॉलोअर डंजन्स', म्हणजे तुम्ही टँक आणि बाकी चौघे एनपीसी. २०२५मध्ये पुढचं बटण उजळून दाखवणारी मदतही आली, पण ती मारण्यापुरती. ढाल कधी वर करायची, हे तुमचं तुम्हीच ओळखायचं.

मुख्य फरक मात्र रस्त्याचा. 'फायनल फँटसी'ची डंजन्स बोळासारखी सरळ, टँकला वाट निवडावीच लागत नाही. 'वॉरक्राफ्ट'च्या मिथिक प्लस या अवघड डंजन-प्रकारात घड्याळ चालू असतं आणि कुठला घोळका घ्यायचा, कुठला वगळायचा हे बहुधा टँक ठरवतो. हे कुठलंही ट्यूटोरियल शिकवत नाही. दहा-वीस वेळा तोंडावर पडूनच येतं.

'वॉरक्राफ्ट'ची एक जमेची बाजू अशी की ड्रुइड, पॅलडिन किंवा मंक घेतलात तर त्याच लेव्हलला तिन्ही भूमिका करून बघता येतात. 'फायनल फँटसी'त एकच पात्र सगळे जॉब करतं खरं, पण हीलिंगसाठी कॉन्जरर घ्यायचा तर पुन्हा लेव्हल १पासून. 'गिल्ड वॉर्स २' कुणी सुचवेल. २०१२ला आला तेव्हा त्याने टँक-हीलर-डीपीएस ही त्रिमूर्तीच मोडीत काढली होती, तेव्हा टँकगिरी शिकायला तो नकोच.

भारतातून खेळणाऱ्यांनी पिंगही (सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ) धरावा, दोन्हींचा सर्व्हर इथे नाही. 'फायनल फँटसी'त दोन मुख्य वारांमध्ये अडीच सेकंद असतात, 'वॉरक्राफ्ट'मध्ये साधारण दीड, त्यामुळे पहिल्यात विचाराला वेळ मिळतो. मात्र तिथे मार कुठे पडणार हे दाखवणारी जमिनीवरची नारिंगी खूण मिटते त्याच क्षणी मार लागला की नाही हे ठरतं. पिंग जास्त असेल तर आपण बाहेर पडलेलो दिसतो, तरी मार बसतो. सवय लावा, खूण दिसली की लगेच हला.

कधीच टँक केला नसेल, लाजाळू असाल, तर 'फायनल फँटसी'. मित्रांचा ग्रुप आधीच तिकडे असेल आणि ओरडा खायची तयारी असेल, तर 'वॉरक्राफ्ट'. दोन्ही फुकट चाखता येतात: 'वॉरक्राफ्ट' लेव्हल २०पर्यंत, 'फायनल फँटसी' थेट ७०पर्यंत, वेळेची मर्यादा नाही. फक्त 'फायनल फँटसी' एकदा विकत घेतला की त्या अकाउंटवर ट्रायलला परत जाता येत नाही, तेव्हा सेल दिसला म्हणून लगेच कार्ड काढू नका.