सीबीएसई की ब्रिटिश? दुबईत मुलीची शाळा बदलताना

दुबईत आलेल्या मराठी घरात हा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो आणि सुटला असं वाटलं तरी दर मार्चला पुन्हा समोर उभा राहतो. आमची मुलगी केजी वनपासून तिसरीपर्यंत सीबीएसईच्या शाळेत होती आणि गेली तीन वर्षं ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. दोन्हीकडच्या फिया भरल्या, दोन्हीकडच्या पालकसभांना बसलो, त्या अनुभवावर हे लिहितो आहे. केएचडीएची (दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) मानांकनं आणि फीचे तक्ते तुम्ही एव्हाना पाठ केले असतील, ते पुन्हा सांगत नाही. अरबी दोन्हीकडे शिकावीच लागते, त्यामुळे तोही मुद्दा सोडतो.

शाळा बघायला जाण्याआधी घरात एकदा मोकळेपणी बोलून घ्या: परत जायचं आहे का, आणि मूल तेव्हा कितवीत असेल? इथली नोकरी म्हणजे व्हिसा. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला डिसेंबरात अचानक परतावं लागलं. मुलगा जानेवारीत पुण्यात सीबीएसईच्या सहावीत बसला, पुस्तकं तीच एनसीईआरटीची, गणिताचा अर्धवट राहिलेला धडा तिथे पुढे सुरू झाला. ही सोय लहान समजू नका. ब्रिटिश शाळेचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं आणि जुलैच्या सुरुवातीला संपतं, इयर फाइव्ह म्हणजे आपली चौथी, आणि मधेच भारतात गेलात तर मूल अर्ध्या वर्षाने पुढे तरी पडतं किंवा मागे तरी. त्यातही नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या जोड्या दोन्ही पद्धतींत सलग दोन वर्षांच्या आहेत. सीबीएसईत दहावीची नोंदणी नववीतच होते आणि आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची दहावी, इयर टेन-इलेव्हनमध्ये चालते. म्हणजे इकडून तिकडे जायचंच असेल तर आठवीपर्यंत, नाहीतर थेट दहावीनंतर.

मुलीला भारतात डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं हे पक्कं असेल तर मी वाद घालणार नाही, सीबीएसई घ्या. नीट आणि जेईई दोन्ही एनसीईआरटीच्या धड्यांवर उभ्या आहेत. नीटचं केंद्र २०२१ पासून दुबईतही असतं, पण ए लेव्हलच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या बारावीच्या, मुलाला त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते, आणि वर भारतीय विद्यापीठ संघटनेकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र. शक्य आहे, पण दुहेरी कष्ट आहेत. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या बारावीचा विचार करून तिची तिसरी ठरवावी असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

आमचं ठरलं ते एका अगदी साध्या गोष्टीवरून. वह्यांवरून.

दुसरीपासून आमच्या संध्याकाळी वह्यांनी खाल्ल्या. वर्गात मॅम फळ्यावर प्रश्न लिहीत, खाली उत्तर लिहीत, मुलांनी ते उतरवायचं. डावीकडे समास, कोपऱ्यात तारीख, उत्तर संपलं की पट्टीने रेघ. तिसरीत असताना मुलीला ताप आला, चार दिवस घरी होती. पाचव्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या मैत्रिणीच्या वह्यांचे फोटो मागवले. विज्ञान, सामाजिक शास्त्र, इंग्रजी, हिंदी मिळून एकवीस पानं. वही पूर्ण नसेल तर तपासायला घेत नसत आणि तपासणी दोन दिवसांवर आलेली. रात्री साडेदहाला ती पेंगत लिहीत होती. “बाबा, अजून सहा पानं राहिलीत.” शेवटी हिने तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि मुलीसारखं अक्षर काढून तीन पानं स्वतः लिहिली. दोन दिवसांनी त्या पानांवर ‘गुड’ आलं. ते बघून मला फार वाईट वाटलं.

त्याच पानांत एक उत्तर होतं, झाडाची पानं अन्न कसं तयार करतात त्याचं. मी सहज विचारलं, “मग रात्री पानं अन्न करतात का गं?” तिने वही उघडली, बोट फिरवून शोधलं आणि म्हणाली, “हे मॅमनी लिहून दिलं नाहीये.”

त्या रात्री आम्ही शाळा बदलायचं बोललो.

यात त्या बाईंना दोष देणं मला पटत नाही. तीस मुलं आणि पाच विषय म्हणजे दीडशे वह्या. सगळ्यांचं उत्तर शब्दशः सारखं असेल तरच त्या तपासून होतात. आणि पालकांना काय दिसतं, तर वहीच. पहिली दोन वर्षं मीही नीटनेटकी वही बघून खूश व्हायचो. बोर्डालाही सरसकट बोल लावता येत नाही, कारण सीबीएसईच्या नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आता निम्मे प्रश्न आकलनाचे आणि उपयोजनाचे असतात. पण बोर्ड काय विचारतं आणि तिसरीच्या वर्गात दुपारी बारा वाजता काय चालतं, यांत बरंच अंतर आहे. तुमच्या पाहण्यातली भारतीय शाळा वेगळी असू शकेल. दुबईत तशाही आहेत, हे मला इतर पालकांकडून कळलं आहे.

ब्रिटिश शाळेत प्रवेशाआधी तिची कॅट-फोर नावाची क्षमता चाचणी झाली. शब्द, आकडे, आकृत्या आणि आकार मनात फिरवून बघण्याची जाण तपासतात, पाठ करून जाण्यासारखं त्यात काही नसतं. मार्चमध्ये तिसरी संपली होती, म्हणून एप्रिलमध्ये ती इयर फोरच्या शेवटच्या सत्रात बसली. हे आम्हाला फायद्याचं ठरलं. ऑगस्टअखेर खरं वर्ष सुरू होईपर्यंत तिला उच्चार, मैत्रिणी, डबा खायची जागा, सगळ्याची सवय झाली.

पहिला महिना एकही वही घरी आली नाही. आम्ही घाबरलो. काही शिकवतात की नाही, कळायला मार्ग नाही. वह्या शाळेतच राहतात हे पुढे समजलं. मग पालकभेटीच्या संध्याकाळी तिची इतिहासाची वही हातात दिली. व्हायकिंग लोक समुद्रावरून का आले यावर तिने अर्धं पान लिहिलं होतं, स्पेलिंगच्या पाच-सहा चुका, अक्षर पूर्वीपेक्षा वाईट. खाली शिक्षिकेने एकच प्रश्न लिहिला होता: हे तुला कशावरून वाटतं? त्याखाली जांभळ्या पेनाने तिचं दोन ओळींचं उत्तर. आपली चूक किंवा कमतरता मुलांनी स्वतः जांभळ्या पेनाने भरून काढायची अशी तिथली रीत. ते उत्तर फळ्यावरचं नव्हतं, तिचं होतं. हिने त्या पानाचा फोटो काढला, तो अजून तिच्या फोनमध्ये आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि खर्चाची आहे. आम्ही वर्षाला सुमारे १४,००० दिरहम भरत होतो ते ४८,००० झाले. कंपनीकडून शिक्षणभत्ता मिळत नसता तर हा लेख वेगळा झाला असता. शिक्षक टिकत नाहीत. दोन वर्षांचे करार संपले की पुष्कळ जण जातात, आणि तीन वर्षांत मुलीला अगदी जीव लावणाऱ्या दोन शिक्षिका निघून गेल्या. भारतीय शाळेत तिला केजीत शिकवलेल्या मॅम आजही तिथेच आहेत आणि मॉलमध्ये दिसल्या की तिला नावाने हाक मारतात. प्रगतिपुस्तकही धूसर असतं. ‘अपेक्षित पातळीवर आहे’ एवढं वाचून गणितात नेमकं काय अडतं ते कळत नाही, शिक्षकांना गाठून विचारावं लागतं. पाढे इयर फोरपर्यंत बारा बारेपर्यंत येतात, पुढचे आम्ही घरी घेतले.

सगळ्यात जास्त काळजी मला देवनागरीची वाटली आणि अजून वाटते. सीबीएसईत हिंदीमुळे लिपी हातात राहायची. नव्या शाळेत फ्रेंच आली आणि सहा महिन्यांत ती आजीच्या मेसेजमधली जोडाक्षरं अडखळत वाचायला लागली. इतिहासात रोमन झाले, अँग्लो-सॅक्सन झाले, हेड्रियनची भिंत कुठे आहे ते ती नकाशावर दाखवते. रायगड शाळेत येणार नाही. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र धडा आहे, तो मी आणून ठेवला आहे. रोज रात्री वीस मिनिटं मराठी वाचन, शनिवारी एक पान लेखन, हे आम्ही तीन वर्षं चुकवलेलं नाही. वह्या उतरवण्याचे दोन तास वाचले म्हणून ही वीस मिनिटं मिळाली, असंही मला प्रामाणिकपणे वाटतं. पण घरात हे कोणी नेमाने करणार नसेल तर ब्रिटिश शाळेत मराठी जाईल, हे गृहीत धरा. महाराष्ट्रात परतायचं असेल तर तिथे २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा ही उणीव नुसती मनाला लागणारी राहत नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांत परतणार असाल, किंवा शिक्षणभत्ता नसेल आणि फीसाठी घरखर्च ओढावा लागणार असेल, तर सीबीएसईत राहा, त्यात मुलाचं काही बिघडत नाही. पाच-सहा वर्षं इथे नक्की असाल आणि मूल प्राथमिकला असेल, तर मी पुन्हा ब्रिटिशच निवडेन.

कुठल्याही शाळेत बघायला गेलात तर तरणतलाव आणि प्रयोगशाळा दाखवून झाल्यावर एक विनंती करा: तिसरी-चौथीतल्या तीन मुलांच्या एकाच धड्याच्या वह्या बघू द्या. तिन्ही शेजारी ठेवा आणि एकच उत्तर तिन्हींत वाचा. आम्ही नव्या शाळेत ते केलं होतं. एक उत्तर चुकीचं होतं, एक अपुरं होतं, आणि तिन्ही वेगळी होती.